झाडाची छाती एकशे बारा

सोमवार, ४ सप्टेंबर. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. जुनी मापवहीच उलटी करून घेतली आहे. पुढच्या बाजूला गिऱ्हाइकांच्या कमरा आहेत, तिकडे बघायचं नाही.

कारण मोठं आहे. मला नेमणूक मिळाली. सूनबाई ज्या बालवाडीत शिकवते तिथे दर गुरुवारी दहा ते अकरा 'परिसर ओळख' असा तास सुरू होतोय. बालवाडीच्या मागे मोकळी जागा आहे, तिथली झाडं, किडे, पक्षी मुलांना दाखवायचे. मोठ्या बाईंना (म्हणजे मुख्य बाई, उंचीने माझ्या खांद्याला) कोणीतरी जाणकार वडीलधारं माणूस हवं आहे असं सूनबाई जेवताना सहज बोलली. मी म्हणालो, मी आहे ना. तिला इतका आनंद झाला की ती काही बोललीच नाही.

बायको बोलली. म्हणाली, अहो, पंचेचाळीस वर्षं कापडावरची फुलं बघितलीत, आता झाडावरची शिकवणार? मी म्हणालो, फूल ते फूल. ती म्हणाली, मग इस्त्रीपण करून या.

ही वही कोणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो. दुकान बंद करून सव्वा वर्ष झालं. आधी दिवसाला चाळीस माणसं काही ना काही विचारायची. मास्तर, कधी मिळेल? मास्तर, खिसा कुठे घ्यायचा? मास्तर, पोट दिसणार नाही ना? आता दिवसभरात मला एकच प्रश्न विचारतात. गोळी घेतली का?

अट अशी आहे: एक महिना चाचणी. ३० तारखेला पालक येणार, मुलं त्यांना परिसर दाखवणार. मग मोठ्या बाई ठरवणार, तास कायमचा मला द्यायचा की समोरच्या बिल्डिंगमधल्या प्रोफेसरांना. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. पण मी त्यांचे दोन कोट शिवले आहेत. डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली. अशा माणसाला काय घाबरायचं.

संकल्प: रोज दोन झाडांची नावं पाठ. गुरुवारपर्यंत सहा.

बुधवार, ६ सप्टेंबर. दुपार

नावं पाठ झाली: शून्य. दोष माझा नाही. पुस्तक नातीचं घेतलं. नात पाच वर्षांची, त्याच बालवाडीत जाते, गोल, सगळीकडे अडकणारी. मी तिला बटण म्हणतो. तिच्या पुस्तकात पेंग्विन, उंट आणि पांढरं अस्वल आहे. पेंग्विन चांगला पाठ झाला. मागच्या मोकळ्या जागेत पेंग्विन निघालाच तर माझी तयारी पूर्ण आहे.

काळजी: मुलांना काही चावलं तर? एखादं हरवलं तर? मला चक्कर आली तर बारा मुलं मला उचलून कुठे नेणार?

बरोबर न्यायचं: टेप, खडू, छोटी कात्री, शिट्टी, बिस्किटं, गोळी, दुसरी गोळी.

गुरुवार, ७ सप्टेंबर. ११.३०

जबरदस्त यश! 

गेलो तेव्हा बारा मुलं रांगेत. लगेच एकाने सर्वात मोठ्या झाडाकडे बोट दाखवून विचारलं, हे कोणतं झाड? हा मुलगा प्रत्येक वाक्यानंतर 'का?' विचारतो म्हणून मी त्याचं नाव का-का ठेवलं आहे. मला घाम फुटला. दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाचं नाव आठवलं नाही की मी गळ्यातला टेप काढायचो. छाती मोजेपर्यंत नाव आठवायचं. हात आपोआप टेपकडे गेला. झाडाला मिठी मारली. टेप साठ इंचांचा, दोनदा लावावा लागला. एकशे बारा!

नाव आठवलं नाही. पण एकशे बारा छातीचं (सेंटिमीटरमध्ये, पण आकडा तोच) माझं एकच गिऱ्हाईक होतं, त्यामुळे तोंडातून निघून गेलं, हे फौजदारसाहेब.

मुलांनी एका दमात मान्य केलं. का-कासुद्धा का म्हणाला नाही. मग काय, बारीक आणि एका बाजूला झुकलेलं ते वकीलसाहेब. ज्याच्या फांद्या दुसऱ्यांच्या मध्ये मध्ये घुसतात त्या मावशी. सगळ्या मुलांनी सगळ्यांना मिठ्या मारून मापं घेतली. टेप पुरेना म्हणून एकमेकांचे हात धरून घेतली. वकीलसाहेब अर्धं मूल, फौजदार पावणेतीन मुलं. कोपऱ्यात लिंबाचं झुडूप आहे. ते मी स्वतः ओळखलं. लिंबू लागलं होतं.

एक किरकोळ गोष्ट. लिंबाच्या पानावर पक्ष्याची शी पडली होती आणि नाकवाला (कायम वाहतं) बोट लावणार होता. मी ओरडलो. बारा जण खो खो हसले. बटण म्हणाली, आजोबा, ती शी नाही, ती अळी आहे. शीसारखी दिसते म्हणून पक्षी तिला खात नाहीत. मी म्हणालो, मला माहीत होतं, तुमची परीक्षा घेत होतो. नंतर हळूच विचारलं, तुला कसं कळलं गं? म्हणाली, चालत होती.

बायकोला मापं सांगितली. म्हणाली, शिवून कधी देणार?

मंगळवार, १२ सप्टेंबर

जिन्यात प्रोफेसर भेटले. मागे कोणकोणती झाडं आहेत, असं विचारलं. मी म्हणालो, मोठी. आणि एक लहान. ते हसले. डावा खांदा आता एक इंच खाली आहे.

गुरुवार, १४ सप्टेंबर. दुपारी १२

आज मुंग्या. मी समजावून सांगितलं की मुंग्या रांगेत चालतात कारण त्यांना शिस्त आहे. दोन वेण्यावालीने रांगेवरून बोट आडवं फिरवलं. मुंग्या तिथे येऊन थबकल्या, गोल गोल फिरल्या, एकमेकींच्या अंगावर चढल्या. ती म्हणाली, आजोबा, त्या वास घेत चालतात, मी वास पुसला. मी म्हणालो, बरोबर, म्हणजेच शिस्त पुसली.

मग नाकवाल्याने ओल्या मातीतून काहीतरी लांब ओढून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. पुढचा भाग मी बाकावर उभं राहून शिकवला. उंचावरून संपूर्ण परिसर एका नजरेत येतो. बटणने खालून ओरडून सांगितलं, आजोबा, गांडूळ आहे, त्याला दातच नाहीत, उतरा. मी म्हणालो, मी दातांसाठी चढलो नाही.

उतरायला मोठ्या बाई आणि खुर्ची लागली. बाईंनी विचारलं, मास्तर, बरे आहात ना? कोणीतरी विचारलं तर खरं.

शिवाय आज कापडाचा पाठ दिला. एक पान फाडलं, एक कातरलं. फाटलेली कड कशी, कातरलेली कशी. मुलं उरलेला वेळ पानांच्या कडा बघत बसली. म्हणाली, लिंबाची पानं तिसऱ्याच तऱ्हेची आहेत, गोल गोल कुरतडलेली. मी बघितलं. भोकंच भोकं! शिवणाऱ्या माणसाला असं बघवत नाही. रफू करावं इतकी वाईट अवस्था.

संकल्प: पालक येण्याआधी त्या झुडपाचं काहीतरी करायचं.

गुरुवार, २१ सप्टेंबर

आज पेंग्विन शिकवला. उत्तम झाला. मी बाकावर बसून (बसून!) पाऊण तास बोललो. मुलं लिंबाच्या झुडपापाशी होती, पण ऐकत असणार.

मधेच तिकडे रडारड. एका फुलपाखराचं काही झालं होतं. का-काने त्याचे चुरगळलेले पंख बोटाने सरळ केले म्हणे आणि मग ते उडेचना. त्यांनी त्याला पानात गुंडाळून मातीत पुरलं. मी पेंग्विन थांबवला नाही, धागा तुटतो.

नंतर मात्र मुलं अगदी शांत. झुडपासमोर पाय न वाजवता जातात, ओठांवर बोट ठेवतात, 'सात, सात' असं कुजबुजतात. सूनबाईला सांगितलं, बघ, तीन आठवड्यांत काय शिस्त लागली. ती म्हणाली, बाबा, तुम्ही विचारलंत का त्यांना, सात काय ते? मी म्हणालो, विचारायचं काम त्यांचं, सांगायचं माझं.

सोमवार, २५ सप्टेंबर

३० तारखेची योजना:
भाषण, बारा मिनिटं. सुरुवातीला 'निसर्ग हा मोठा शिंपी आहे'. इथे टाळ्या.
झाडांची मापं पुठ्ठ्यावर.
प्रोफेसर येणार आहेत. त्यांना मागच्या रांगेत बसवायचं, उजवीकडे, म्हणजे खांदा दिसेल.

तास मला मिळाल्यातच जमा आहे. बायकोला तसं सांगितलं. ती म्हणाली, गोळी घेतली का?

बुधवार, २७ सप्टेंबर. संध्याकाळी ६

बालवाडी सुटल्यावर जाऊन लिंबाचं झुडूप साफ केलं. शिवलेला कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देताना लोंबणारे दोरे कापावेच लागतात. एक जरी राहिला तरी सगळं काम कच्चं दिसतं. झुडपावर किती कचरा लोंबत होता! वाळक्या काड्या, गुंडाळलेली पानं, काड्यांना चिकटलेले हिरवे-तपकिरी तुकडे. छोट्या कात्रीने सगळं कच कच कच. बिस्किटांच्या पिशवीत भरून पालापाचोळ्याच्या खड्ड्यात टाकलं.

आता झुडूप नवरदेवासारखं दिसतंय. मुलं खूश होतील.

गुरुवार, २८ सप्टेंबर. दुपारी १

मुलं खूश झाली नाहीत.

आधी झुडपाकडे धावली. मग थांबली. झुडपाभोवती एक फेरी मारली. मग बटणने विचारलं, झोपलेले कुठे गेले?

कळलं ते असं. त्या शीसारख्या अळ्या मोठ्या होऊन हिरव्या झाल्या. त्यांनी पानं खाल्ली, ती भोकं त्यांची. मग त्या काडीला चिकटून झोपल्या, अंगावर पांघरूण घेऊन. आतमध्ये फुलपाखरं बनत होती. सात. प्रत्येकावर दोघांचा पहारा होता. ३० तारखेला आईबाबांना तेच दाखवायचं होतं. फौजदार नाही, वकील नाही. मापं नाही. भाषण तर नाहीच.

मी म्हणालो, वारा आला असेल काल.

हे अगदी खोटं नाही. कात्री चालवताना थोडा वारा होता.

दोन वेण्यावालीने एका काडीचं टोक बघितलं. नाकवाल्याने बघितलं. का-काने बघितलं आणि म्हणाला, हे फाटलेलं नाही, कातरलंय. वाऱ्याने कात्री का आणली?

मीच शिकवलं होतं. शिकवायला नको होतं.

 गोळी घेतली. दुसरीही घेतली.

शुक्रवार, २९ सप्टेंबर. संध्याकाळी ५.३०

खड्ड्यात उतरलो. गुडघा म्हणाला नको, पण उतरलो. बिस्किटांची पिशवी सापडली. वर बटण उभी होती. सूनबाईचं बालवाडीतलं काम आटपायला अर्धा तास होता. मी तिला म्हणालो, दुरुस्तीचं काम आहे. ती म्हणाली, मला माहितीय तुम्ही कापलेत. मी म्हणालो, कोणाला सांगितलंस? ती म्हणाली, अजून नाही.

पिशवी ओतली. चाळीसेक तुकडे. बटणने एकेक उचलून, उजेडात धरून, सात बाजूला काढले. म्हणाली, आजोबा, पोटात सुई नका घालू, काडीला काडी बांधा. आयुष्यभर मी दुसऱ्यांना सांगितलं टाका कुठे घालायचा. आज पहिल्यांदा कोणी मला सांगितलं.

चष्मा लावून एक झोपलेला जवळून बघितला. कमरेला त्याने स्वतःच एक दोरा घेतलाय. एकच, बारीक, काडीला दोन्ही बाजूंनी पक्का. गाठ कुठे दिसत नाही. मी इतकी वर्षं बेल्टचे लूप शिवले, असं काम मला कधी जमलं नाही. हे खाऊन खाऊन जाड झालेलं पोरगं, ना मशीन ना मापवही, आणि हे काम! पाच मिनिटं नुसता बघत बसलो. बटण म्हणाली, आता बांधा.

हिरवा दोरा, कच्चा टाका, सातही काड्या जागच्या जागी. नाव नसलेला नमुना पण फिटिंग उत्तम.

मग पिशवीतले आणखी दोन तुकडे चांगले वाटले, तेही बांधले. बटण म्हणाली, ते झोपलेले नाहीत. मी म्हणालो, इथे शिक्षक कोण आहे? भरगच्च दिसलेलं बरं. नऊ झाले.

शनिवार, ३० सप्टेंबर. दुपारी ३

क्रमाने लिहितो, नाहीतर मला हसू येतं किंवा दुसरं काहीतरी येतं.

९.००: तीस पालक. प्रोफेसर मागच्या रांगेत बसले नाहीत, पुढे उभे राहिले.

९.१०: भाषण सुरू. 'निसर्ग हा मोठा शिंपी आहे.' टाळ्या नाहीत. मुलं पालकांचे हात ओढून निघूनही गेली.

९.१५: नाकवाला मोठ्याने सांगत होता, हे फौजदारसाहेब, छाती एकशे बारा, कंबर एकशे बारा. एक पालक लाल झाले. खऱ्या फौजदारांचे चिरंजीव निघाले. म्हणाले, बाबांचं आता एकशे आठ आहे. प्रोफेसरांनी झाडाचं खरं नाव सांगितलं. मग शास्त्रीय नाव सांगितलं, ते इतकं लांब की कॉलरच्या आत लावायच्या पट्टीवर मावलं नसतं. का-काने विचारलं, का? प्रोफेसर म्हणाले, म्हणजे काय का? त्यांचा घाम मला दिसला. मला बरं वाटलं, हे लिहायला नको होतं.

९.३०: लिंबाचं झुडूप. मुलं ओरडली, आले, आले, झोपलेले परत आले! मग मोजलं. परत मोजलं. दोन वेण्यावाली म्हणाली, सात होते. नऊ कसे? प्रोफेसर वाकले. म्हणाले, हे एक वाळकं पान आहे. आणि हा... हा दोऱ्याचा गुंता आहे. आणि सगळ्यांना हिरव्या दोऱ्याने बांधलंय कोणी?

मी कबूल केलं. म्हणजे बटणने सांगितलं, आजोबांनी कापले आणि आजोबांनीच शिवले, आणि मी नाही म्हणालो नाही.

मोठ्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या. सूनबाई फौजदारांकडे बघत राहिली (झाडाकडे). तीस पालक मी शिवलेले कपडे घालून आलेले नव्हते, तरी मला वाटलं प्रत्येकाला माझं काहीतरी घट्ट होतंय.

९.४०: तेवढ्यात तिसरा झोपलेला हलला.

पांघरूण पाठीवर उसवलं. अगदी सरळ शिवणीवर. आतून एक ओला, काळा-पिवळा, चुरगळलेला गोळा बाहेर आला आणि काडीला लटकला. पंख म्हणजे पिळून टाकलेलं कापड. घडी नाही, इस्त्री नाही. माझ्याने राहवेना. कपडा असा बघितला की हात पुढे जातोच. दोन बोटांनी अलगद सरळ करावं म्हणून हात नेला.

बारा मुलं एकदम किंचाळली, हात लावू नका!

हात हवेतच राहिला. मागे घ्यायलाही भीती वाटली.   ते पंख स्वतःहून सुटत गेले, सुरकुती सुरकुती करत, जणू कोणी आतून वाफ देतंय. वीस मिनिटं लागली. मग रुंद झाले, एकदा उघडले, एकदा मिटले. नाकवाला नाक ओढायचं विसरला. फुलपाखरू काडीवरून माझ्या बोटावर आलं, थोडं चाललं आणि काही न सांगता उडालं, भिंतीवरून पलीकडे.

सगळे ओरडले. मीही ओरडलो. मी उडीही मारली असं बायको म्हणते (ती भिंतीपलीकडून बघत होती, मला माहीत नव्हतं). गुडघ्याने आत्तापर्यंत तक्रार केलेली नाही.

वीस मिनिटं मला कोणी काही विचारलं नव्हतं, हे घरी आल्यावर आठवलं.

रविवार, १ ऑक्टोबर

निकाल. तास प्रोफेसरांना.

कारणं (सूनबाईने हळू आवाजात सांगितली): झाडांची खरी नावं, गांडूळ, कात्री.

मी म्हणालो, मला तसाही वेळ नव्हता.  बायकोने चहात साखर जास्त घातली, मला चालत नाही तरी.

संध्याकाळी सूनबाई पुन्हा आली. म्हणाली, बाबा, मुलांनी कालच मोठ्या बाईंना सांगितलंय, टेलरआजोबांना घरी एकटं सोडू नका, ते काहीही कापतात, त्यांना आमच्याबरोबर घ्या. बाई हो म्हणाल्या. मी विचारलं, पद काय? ती म्हणाली, पद नाही बाबा, रांग आहे.

मला यात बढती दिसते. एवढ्या अनुभवी माणसाला प्रोफेसरांवर लक्ष ठेवायला ठेवलं आहे, उघड बोलता येत नाही इतकंच. कात्री आणायची नाही अशी अट आहे, ती मी मोठ्या मनाने मान्य केली.

गुरुवार, ५ ऑक्टोबर. ११.२०

पहिला दिवस. रांगेत तेरावा. नाकवाल्याचा हात धरायचा होता, धरला. रुमाल वाया गेला.

आज कोळी. जाळं दाखवलं, मग बघून चित्र काढायला सांगितलं. मी प्रोफेसरांना दोन प्रश्न विचारले. दोन वेण्यावाली म्हणाली, आजोबा, आधी बघा, मग विचारा.

कोळ्याला आठ पाय असतात. म्हणजे चार पँटी. मी चित्रात तीनच धरल्या होत्या. बटणच्या वहीत डोकावलो, तर तिने हाताने वही झाकली.

मला शेरा मिळाला: पुन्हा बघा. बटणला चांदणी. का-काला चांदणी.

नाकवाल्यालाही.